सरासरी दरीच्या काठावर

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचं गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं आहे. दोन उसळ्यांमध्ये किती वाट पाहावी लागते, याच्या २७२ नोंदी संख्याशास्त्राच्या वर्गात हमखास निघतात. सरासरी येते सुमारे ७१ मिनिटं. आकडा बिनचूक, पण फसवा! पाच-पाच मिनिटांचे वर्ग पाडून आयतालेख काढा. एक उंचवटा ५० ते ५५ मिनिटांपाशी, दुसरा, चांगलाच मोठा, ७५ ते ८५च्या दरम्यान. आणि ७१ मधल्या दरीच्या काठावर. उसळी छोटी असली तर पुढची लवकर येते. लांबलचक असली तर जमिनीखालचा साठा पुन्हा भरून तापायला वेळ लागतो. म्हणजे ही दोन तऱ्हांची सरमिसळ. वर्ग अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाडले, तर मात्र एकच टेकाड दिसतं.