गाडी बंद केली, तरी बोनेटखालून आवाज? साधा कोणता, धोक्याचा कोणता

हिंगोली : एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. भर दुपारी नांदेड किंवा परभणीहून निघालेली गाडी औंढा नागनाथला मंदिराजवळ थांबते. चालक चावी काढतो, तरी बोनेटखालून आवाज येतच राहतो. यातले बहुतेक आवाज साधे असतात. एक मात्र ओळखता आला नाही, तर इंजिनाचा मोठा खर्च बसतो आणि घाईत हातही भाजतो.

आवाज येतोच कशामुळे?
गाडी चालत असताना पंप कूलंट फिरवत असतो आणि समोरून वारा लागतो. इंजिन बंद होताच दोन्ही थांबते, पण धातूत साठलेली उष्णता तिथेच राहते. त्यामुळे गाडी बंद केल्यावर पहिली काही मिनिटे इंजिनाभोवतीचे कूलंट उलट जास्त तापते.

टिक टिक
तापून वाढलेला सायलेन्सरचा पाइप आणि त्यावरचा पत्रा गार होताना आकसतो. एक मीटर लांबीचा पोलादी पाइप १०० अंशांनी तापला, की सुमारे १.२ मिलिमीटरने वाढतो. तो पुन्हा आकसतानाचा हा आवाज आहे. काळजीचे कारण नाही.

पंख्याची घरघर
अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा गाडी बंद झाल्यावरही काही मिनिटे फिरतो. ती सोयच आहे. मात्र अर्ध्या तासानंतरही तो थांबत नसेल, तर रिले किंवा सेन्सर तपासून घ्या. नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.

सूं सूं
एसी चालू असेल, तर त्यातील गॅसचा दाब समान होताना थोडा वेळ असा आवाज येतो. त्यासोबत वाफ किंवा गोडसर वास आला, तर कूलंट गळत आहे असे समजा.

खदखद, बुडबुड : हाच धोक्याचा
हा आवाज येत असेल, तर कूलंट उकळत असण्याची किंवा त्यात हवा शिरल्याची शक्यता असते. गळती, सैल झालेले झाकण, अडकलेला थर्मोस्टॅट, बंद पडलेला पंखा किंवा फुटलेले हेड गॅस्केट अशी कारणे असू शकतात. आणखी एक कारण आपल्या भागात नेहमीचे आहे, ते म्हणजे बोअरचे पाणी. जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि कूलंट नीट फिरत नाही.

झाकण उघडू नका
रेडिएटरमध्ये दाब असल्याने कूलंट १०० अंशांना उकळत नाही, साधारण १२० अंशांपर्यंत तग धरते. झाकण सैल केले, की दाब एकदम उतरतो, कूलंटची क्षणात वाफ होते आणि ते तोंडावर, हातावर उडते.

मग करायचे काय?
• गाडी लगेच पुन्हा सुरू करू नका.
• वाफ येत नसेल, तरच बोनेट उघडा. किमान अर्धा तास जाऊ द्या. झाकण हाताला गार लागल्यावरच उघडा.
• तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो.
• गार झाल्यावर पातळी कमी दिसली, तर कूलंट भरा. ते नसेल, तर स्वच्छ पाणी गॅरेज गाठण्यापुरतेच घाला.
• वाटेत तापमानाचा काटा वर चढू लागला, तर तिथेच थांबा.

मोबाइल कामाला लावा
गाडी गॅरेजमध्ये पोहोचते, तेव्हा आवाज बहुधा थांबलेला असतो. म्हणून तो जागेवरच रेकॉर्ड करा. किती वेळ आला, पंखा चालू होता का, काटा कुठे होता, वास कसा होता, हेही टिपून ठेवा. मेकॅनिकला एवढ्यावरून दोष लवकर सापडतो आणि विनाकारण सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.