जुन्या विद्युत मोटारीतील बॅटरी व प्रभारण दोषांचे निदान : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
बंगळूर येथे तयार झालेली 'रेवा' ही विद्युत मोटार २००१ साली भारतीय बाजारात आली. अशी जुनी मोटार पूर्वीइतके अंतर जाईनाशी झाली की संपूर्ण बॅटरीसंच निकामी झाला, असे अनेकदा गृहीत धरले जाते व मालकावर मोठ्या खर्चाचा भार पडतो. प्रत्यक्षात दोष एखाद्याच घटात, जोडणीत किंवा घरच्या वीजपुरवठ्यातही असू शकतो. त्याच्या पद्धतशीर शोधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बॅटरीसंचाची रचना :
रेवाच्या मूळ संचात ६ व्होल्टच्या ८ शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडणीत असतात. एकूण दाब ४८ व्होल्ट व घटांची संख्या २४ होते. एकसर जोडणीत सर्व घटांतून सारखाच प्रवाह वाहतो. त्यामुळे सर्वांत दुर्बल घट संपूर्ण संचाची मर्यादा ठरवितो.

दोषनिदानाचा क्रम :
१) वीजपुरवठा : प्रभारण सुरू असताना सॉकेटवरील दाब मोजावा. प्लग किंवा सॉकेट तापत असल्यास तेथील संपर्क सैल आहे असे समजावे.
२) जोडण्या : अग्रांवरील गंज तपासावा. जोडणीचा रोध केवळ ०.००५ ओहम असला, तरी २०० ॲम्पिअर प्रवाहाला तेथे १ व्होल्ट दाब व २०० वॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते.
३) बॅटऱ्या : प्रत्येक बॅटरीचा दाब प्रथम विश्रांत अवस्थेत व नंतर भार असताना मोजावा. विश्रांत अवस्थेत ठीक दिसणारी, परंतु भार येताच इतरांपेक्षा अधिक घसरणारी बॅटरी संशयास्पद होय.
४) घट : पूर्ण प्रभारणानंतर हायड्रोमीटरने आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. ते २७ अंश सेल्सिअसला सुमारे १.२६ ते १.२८ असावे. घटाघटांत ०.०५० पेक्षा अधिक फरक राहिल्यास कमी गुरुत्वाचा घट सदोष असण्याची शक्यता असते.

स्थानिक परिस्थिती :
धाराशिव जिल्ह्यातील कडक उन्हाळ्यात तीन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, आम्लाचे तापमान २७ अंशांपेक्षा जितके अधिक, तितक्या अंशांना प्रत्येकी ०.०००७ इतकी भर वाचनात घालावी. ४० अंशांना ही भर सुमारे ०.००९ होते. दुसरी, पाणी लवकर कमी होते. पट्ट्या उघड्या पडल्यास त्या बुडतील इतकेच ऊर्ध्वपातित पाणी प्रभारणापूर्वी घालावे व उरलेले नंतर. आम्ल कधीही घालू नये. तिसरी, कातळावरील उथळ जमीन कोरडी पडली की भूसंपर्काचा रोध वाढतो. म्हणून भूसंपर्काच्या खड्ड्यात पाणी घालून त्याची तपासणी करून घ्यावी. प्रभारण शक्यतो रात्री, मोटार थंड झाल्यावर करावे.

सुरक्षितता :
प्रभारणाच्या वेळी हायड्रोजन वायू निर्माण होतो; त्यामुळे जागा हवेशीर असावी व ठिणगी टाळावी. अंगठी, घड्याळ काढून ठेवावे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा. २०१३ साली आलेल्या महिंद्रा ई२ओसारख्या मोटारींत लिथियम-आयन संच असतो. तो स्वतः उघडू नये.

निष्कर्ष :
मल्टिमीटर व हायड्रोमीटर ही या तपासणीची मुख्य साधने महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सहज उपलब्ध होऊ शकतात. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी अशा नोंदी ठेवल्यास एकसर मंडल व अंतर्गत रोध या संकल्पना प्रत्यक्ष अनुभवास येतील. तसेच, संपूर्ण संच बदलण्याचा निर्णय अनुमानावर नव्हे, तर मापनावर आधारित राहील.