कानापुढची कट्‌कट्

डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांची बोटं मुलीच्या कानांपुढे टेकवली. "हळूहळू तोंड उघड. आता मीट." उघडताना कट्, मिटताना पुन्हा बारीकशी कट्. मुलगी बावीस वर्षांची, नृत्य शिकणारी. सोबत आलेल्या आईचं निदान घरीच ठरलेलं होतं. "अक्कलदाढच असणार. काढून टाका एकदाची."

डॉक्टर दाढेकडे वळल्याच नाहीत. त्यांनी खालच्या-वरच्या पुढच्या दातांमध्ये छोटी पट्टी धरली. ५८ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं; एकावर एक धरलेली स्वतःची तीन बोटं आत मावतात. हिची चार मावली.

"आता मनगट वाकव आणि अंगठा हाताला टेकतो का बघू."

अंगठा सहज टेकला. आई चमकली. दातांच्या दवाखान्यात अंगठा कशाला?

डॉक्टर मोजत होत्या ते बायटन गुण. पीटर बायटन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या पाहणीत वापरलेली ही पद्धत १९७३ साली प्रसिद्ध झाली. करंगळी ९० अंशांपलीकडे मागे जाते का, अंगठा मनगट आणि कोपर यांमधल्या हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा १० अंशांहून जास्त उलटा वाकतो का, हे दोन्ही बाजूंनी पाहायचं. शेवटी गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला. एकूण ९ गुण. प्रौढांमध्ये ५ किंवा जास्त आले, तर सांधे प्रमाणाबाहेर लवचिक मानतात. हिला ७ मिळाले. गंमत म्हणजे या यादीत जबडा नाहीच. तो दातांच्या डॉक्टरने आठवणीने तपासायचा.

जबड्याचा सांधा विलक्षण आहे. तोंड उघडू लागलं की खालच्या जबड्याचं गोलसर टोक आधी खोबणीत फिरतं, मग खोबण सोडून पुढे घसरतं. टोक आणि खोबण यांच्यामध्ये एक चकती असते, आणि या सगळ्याला लगाम असतो तो अस्थिबंधांचा. लगाम सैल असला की चकती पुढे सरकू शकते. तोंड उघडताना टोक पुन्हा तिच्यावर चढतं, तेव्हा 'कट्' वाजतं. कधी टोक समोरच्या उंचवट्यापलीकडे जाऊन अडकतं आणि जांभईला उघडलेलं तोंड मिटतच नाही. अशा निखळलेल्या जबड्यावरचा उपाय प्राचीन इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये आहे: अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली, आणि जबडा मागे बसवायचा. आजही रीत जवळजवळ तीच. फक्त डॉक्टर अंगठ्यांना गॉज गुंडाळतात, कारण जागेवर आलेला जबडा खाड्‌कन मिटतो.

लवचिक माणसाचा जबडा दुखतोच असं मात्र नाही. दोहोंचा संबंध किती घट्ट, यावर संशोधकांचं एकमत नाही. आणि न दुखता नुसता वाजणाऱ्या जबड्याला बहुतेकदा उपचारही लागत नाहीत. हिचा दुखत होता, म्हणून पुढचा प्रश्न.

"सकाळी दातावर दात नीट बसतात?"

"नाही. डावीकडच्या दाढा आधी लागतात. थोडी घासून द्याल का?"

ही मागणी जुनी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ साली कानाची आणि जबड्याची दुखणी दाढा पडल्याने बिघडलेल्या चाव्याशी जोडली. मग चावा उंच करणं, दाढा तासणं यांवर कित्येक वर्षं भर राहिला. आता अनेकदा उलट दिसतं: सांधा सुजतो, स्नायू आखडतात, म्हणून जबडा किंचित सरकतो आणि दात वेगळे लागतात. सैल सांधा सावरताना स्नायूंना जादा राबावं लागतं, तेही दुखतात.

डॉक्टरांनी दाढांमध्ये निळा कागद ठेवून चावायला लावलं. डावीकडे गडद ठिपका उमटला. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा कागद, आणि ठिपका फिका.

"दोन आठवड्यांनी तो आणखी बदलेल. आज दाढ घासली तर ते एनॅमल परत येणार नाही," त्या म्हणाल्या.

मग कागदावर यादी उतरली. जांभई येताच हनुवटीखाली मूठ. तोंड उघडण्याचा व्यायाम टाळूला जीभ लावून, म्हणजे जबडा फार पुढे घसरत नाही. गरम शेक, काही दिवस मऊ भात, खिचडी. एरवी दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटर फट हवी. दात दाबून बसायचं नाही. गरज पडली तर रात्री घालायला ॲक्रिलिकची पट्टी.

"पाणीपुरी?" मुलीने विचारलं.

"छोटी. नाहीतर मोडून."

अक्कलदाढ एक्स-रेत निमूट होती. उद्या काढावी लागलीच, तर तोंडाला आधार देऊन, मध्ये मध्ये विसावा देत काढायची. बराच वेळ ताणून उघडलेला असा जबडा निखळू शकतो. "आणि तेव्हा आजचे हे गुण आधी सांगायचे," डॉक्टरांनी बजावलं.

आईचं लक्ष नव्हतं. ती स्वतःचं मनगट वाकवून पाहत होती. अंगठा हाताला टेकला.

"हे घराण्यातून येतं बरेचदा," म्हणत डॉक्टरांनी नवी पट्टी काढली. "बसा, ताई. तुमचाही वाजतो का?"