पैसे गेले, पण पोचले नाहीत!

शिरूर-दौंडच्या कापड बाजारात आता दोन मीटर अस्तराचे पैसेही मोबाईलवरून येतात. गिऱ्हाईक म्हणते "पाठवले", आमच्या खात्यात मात्र जमा नाही. अशा वेळी माल सोडावा की नाही?

12 एप्रिल 2025 रोजी देशभर यूपीआय अडखळले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या तपासात असे निघाले की, काही बँकांची यंत्रे 'व्यवहाराचे काय झाले?' ही विचारणा पुन्हा पुन्हा करीत होती. दौंड जंक्शनवर प्रत्येक प्रवासी दर मिनिटाला खिडकीशी येऊन "गाडी कुठे आली?" विचारू लागला, तर तिकिटे द्यायची कधी?

हा रोग जुनाच. 1986 साली अमेरिकेत बर्कले येथे गर्दीमुळे संगणक-वाहिनीचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 वर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला: वाट तुंबली की पाठवणाऱ्याने आपणहून हात आखडावा. पण आजच्या डेटा सेंटरमध्ये हजारो यंत्रे एकदम बोलतात, आणि गर्दी डोळ्याची पापणी लवण्याआधी होते. ती वेळीच कशी ओळखावी, यावर संशोधक अजून झटत आहेत.

तोवर व्यापारी व कारागीर बांधवांनी एवढे करावे: खात्यातील नोंद पाहूनच माल सोडावा, गिऱ्हाइकाला लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवायला लावू नये, खाती दोन बँकांत ठेवावीत. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार दुकानदारापर्यंत न पोचलेली रक्कम पाच दिवसांत गिऱ्हाइकाला परत मिळावी. पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. हे त्याला समजावून सांगावे. गिऱ्हाईक तुटत नाही.