लघवीच्या गोळीवरचा आळ

१९५८ साली क्लोरोथायझाइड बाजारात आले आणि रक्तदाबासाठी रोज निर्धास्त घेता येईल अशी गोळी डॉक्टरांच्या हाती लागली. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढायचे, दाब उतरतो. साठच्या दशकात औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांचे प्रोप्रॅनोलॉल आले, तेही दाबावर दिले जाऊ लागले. पक्षाघात कमी झाले, हृदयविकाराचे झटके मात्र अपेक्षेइतके घटेनात.

संशय रक्तातल्या चरबीवर गेला. थायझाइड जातीच्या या लघवीच्या गोळ्यांच्या मोठ्या मात्रेने कोलेस्टेरॉल पाच-सात टक्के चढते, प्रोप्रॅनोलॉलने ट्रायग्लिसराइड वाढतात आणि ‘चांगले’ एचडीएल घसरते, हे तपासण्यांत दिसतच होते. त्यात १९८२ साली अमेरिकेतल्या ‘एमआरफिट’ चाचणीचे निकाल आले. १२,८६६ पुरुष, निम्म्यांची सिगारेट, कोलेस्टेरॉल आणि दाब यांवर कसून उपचार. तरी मृत्यूंत ठळक फरक नाही. ज्यांचा ईसीजी आधीच बिघडलेला होता अशा रक्तदाबाच्या रुग्णांत तर उपचार घेणाऱ्यांचेच मृत्यू जास्त. खापर लघवीच्या गोळ्यांवर फुटले. मला यात घाई दिसते. तेव्हा या गोळ्या ५० ते १०० मिलिग्रॅम अशा दिल्या जात, आज १२.५ किंवा २५ पुरतात.

मग डॉक्साझोसिनचे दिवस आले. हा अल्फा-ब्लॉकर दाबाबरोबर ‘वाईट’ एलडीएलही थोडे उतरवतो, एचडीएल किंचित वाढवतो. रिपोर्ट पाहून कुणीही खूश व्हावे! १९९४ साली सुरू झालेल्या ‘ऑलहॅट’ चाचणीत त्याची गाठ लघवीच्या जुन्या गोळीशी, क्लोरथॅलिडोनशी पडली. २००० साली डॉक्साझोसिनचा गट मुदतीआधीच बंद करावा लागला: त्या रुग्णांत हार्ट फेल्युअरचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. चरबीचे आकडे सुधारले होते, हृदय नव्हे.

चाचणीतल्या उरलेल्या तीन औषधांचा निकाल डिसेंबर २००२ मध्ये लागला. अॅमलोडिपिन आणि लिसिनोप्रिल चरबीला फारसा धक्का लावत नाहीत. तरी झटके टाळण्यात ती क्लोरथॅलिडोनच्या पुढे गेली नाहीत. चार वर्षांनंतर कोलेस्टेरॉलमधला फरक जेमतेम दोन मिलिग्रॅमचा होता. लघवीच्या गोळीने साखर वाढते ही तक्रार मात्र खरी ठरली: मधुमेहाची नवी प्रकरणे क्लोरथॅलिडोनवर ११.६ टक्के, लिसिनोप्रिलवर ८.१. या गोळीवर पोटॅशियमही तपासत राहावे लागते.

आपल्याकडे टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या जोडीने १२.५ मिलिग्रॅम हायड्रोक्लोरोथायझाइड आज सर्रास लिहून दिले जाते. डॉक्साझोसिन दिसते ते बहुधा प्रोस्टेटच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर.