रंग आधी मोडावा लागतो

सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर रंगीत सुतातूनच उमटते. त्यामुळे इथं आधी सूत रंगतं, मग कापड विणलं जातं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका डाइंगमध्ये मास्तरांनी हिरवा व्हॅट रंग टाकीत ओतला, तर पाणी नुसतं गढूळ झालं. पक्का रंग तो हाच. पाण्यात विरघळत नाही, म्हणून धुण्यात जात नाही. पण मग सुतात शिरणार कसा?

पाणी साठ अंशांच्या आसपास तापलं, कॉस्टिक पडलं, मागोमाग ‘हायड्रोस’, म्हणजे सोडियम डायथायोनाइटची पांढरी भुकटी. गंधकाचा उग्र दर्प आला. “झाकण लावा आधी,” मास्तर ओरडले. दमट हवेनं हायड्रोसचा जोर जातो आणि डब्यात पाणी शिरलं तर तो तापून पेटतोही.

हायड्रोस रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन देतो आणि कॉस्टिकमुळे ते बदललेलं रूप पाण्यात विरघळतं. बघता बघता टाकी निळी झाली. लड्या खाली-वर फिरू लागल्या.

खरी कसोटी इथून पुढे. लडी वर आली की हवा लागते, हवेतला ऑक्सिजन हायड्रोस खातो. हायड्रोस संपला तर रंग सुताच्या पोटात न जाता वरच बसतो आणि घासला की निघतो. म्हणून मास्तर मधूनमधून पिवळ्या कागदाची पट्टी बुडवतात. पट्टी निळी झाली तर हायड्रोस पुरेसा. पिवळीच राहिली तर आणखी टाकायचा. पट्टीवरचा पिवळाही व्हॅट रंगच. अँथ्राक्विनोन या रसायनापासून बनणाऱ्या व्हॅट रंगांतला पहिला निळा रंग रेने बोन या रसायनशास्त्रज्ञानं 1901 मध्ये जर्मनीत शोधला.

 

शेवटी लड्या धुऊन पेरॉक्साइडच्या पाण्यात सोडल्या. निळ्याचा हिरवा परतला, आता धाग्याच्या आत अडकून. मग साबणाची उकळी. तिच्याशिवाय खरी छटा उघडत नाही.

उरलेलं पाणी थेट नाल्यात सोडून चालत नाही. त्यातला हायड्रोस तिथलाही ऑक्सिजन ओढतो. टाकीत जो गुण रंग पक्का करतो, तोच नाल्यातल्या जिवांचा श्वास कोंडतो. म्हणून त्या पाण्यात आधी हवा खेळवावी लागते. तो खर्चही चादरीच्या किमतीतच धरायला हवा.