विश्लेषण : परदेशात मोबाइल, पासपोर्ट चोरीला गेला तर? आगरदांड्यापासून केपटाऊनपर्यंत, पहिल्या २४ तासांत काय करायचे?

मुरूड तालुक्यातील आगरदांडा, शेजारचे राजपुरी, खाडीपलीकडचे दिघी आणि पुढे श्रीवर्धन-म्हसळा. या पट्ट्यातील अनेक घरांचा कमावता माणूस आखातात, दक्षिण आफ्रिकेत किंवा ब्रिटनमध्ये आहे. महिन्याला पैसे येतात, रोज व्हिडीओ कॉल होतो. मात्र भररस्त्यात फोन हिसकावला गेला, पाकीट मारले गेले, ही गोष्ट घरी अनेकदा सांगितलीच जात नाही. 'उगाच काळजी नको' म्हणून ती दडवली जाते. आता फोनमध्येच बँक, व्हिसा आणि ओळखपत्र असल्यामुळे ही लपवाछपवी महागात पडू शकते. चोरी झाल्यावर नेमके काय करायचे आणि गावातील कुटुंब काय करू शकते, ते समजून घेऊ.

या किनाऱ्याचा परदेशाशी संबंध किती जुना?

आगरदांड्याचा परिसर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. कोकण किनाऱ्यावरचे लोक ब्रिटिश काळापासून जहाजांवर खलाशी म्हणून जात. जंजिरा आणि रत्नागिरीकडील कोकणी मुस्लिम कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केपटाऊनला गेली, तेथे दुकाने थाटली आणि वस्ती केली. केप वसाहतीने १९०६ मध्ये स्थलांतराचे नियम कडक केले. गावी येऊन परत जायचे तर छायाचित्र लावलेला परवाना लागे आणि ठरलेल्या मुदतीत परतावे लागे. कागद सांभाळण्याची धास्ती इथल्या घरांना तेव्हापासूनची आहे. तेव्हा कागद पेटीत असे, आता तो फोनमध्ये आहे, एवढाच फरक.

परदेशी माणूसच सावज का ठरतो?

याची कारणे साधी आहेत. नवख्या माणसाला कोणती गल्ली टाळायची हे माहीत नसते. नकाशा पाहण्यासाठी फोन सतत हातात असतो. बँक खाते उघडेपर्यंत रोख रक्कम खिशात असते. भाषा येत नसल्याने तो ओरडून मदत मागायला कचरतो. चोराच्या हिशेबात आणखी एक मुद्दा असतो. हा माणूस पोलिसांकडे गेलाच, तरी खटला उभा राहीपर्यंत शहरात किंवा देशात असेलच असे नाही. साक्षीदार नसेल तर खटला टिकत नाही.

कोणत्या शहरात कोणता धोका?

लंडनमध्ये सर्वाधिक चर्चा फोन हिसकावण्याची आहे. इलेक्ट्रिक सायकल किंवा मोपेडवरून आलेला चोर फुटपाथवर उभ्या माणसाच्या हातातला फोन उचलतो आणि काही सेकंदांत दिसेनासा होतो. २०२४ मध्ये लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलिसांकडे सुमारे १ लाख १७ हजार फोन चोरीला गेल्याची नोंद झाली.

दक्षिण आफ्रिकेत प्रश्न केवळ वस्तूचा नाही, जिवाचा आहे. २०२३-२४ या वर्षात तेथे २७ हजारांहून अधिक खून झाले. भारतात २०२२ मध्ये २८,५२२ खुनांची नोंद झाली. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात आहे, दक्षिण आफ्रिकेची ६ कोटींच्या आसपास. यावरून फरक लक्षात यावा. त्यामुळे तेथे लुटारूशी झटापट करायची नाही, मागेल ते द्यायचे, हा पहिला नियम. एटीएमवर 'मदत' करायला येऊन कार्ड बदलणारे आणि पोलीस असल्याची बतावणी करून गाडी थांबवणारे, हे तेथील आणखी दोन परिचित प्रकार.

आखातातील शहरांत रस्त्यावरची लूट तुलनेने कमी आहे. तेथे चोरी फोनवरून होते. 'पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमचे ओळखपत्र बंद होणार आहे' असे सांगून ओटीपी काढून घेतला जातो. दुसरी अडचण पासपोर्टची. कुवेतसह अनेक आखाती देशांत कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेण्यास मनाई आहे. तरीही तो ठेवून घेण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी ओळख पटवायला हाताशी काहीच नसते.

चोरलेला फोन जातो कुठे?

प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. तक्रारीनंतर मोबाइल कंपन्या हा क्रमांक काळ्या यादीत टाकतात. मग त्या देशाच्या नेटवर्कवर तो फोन चालत नाही, सिम बदलले तरीही.

मात्र ही यादी सर्व देश पाळत नाहीत. म्हणून चोरलेला फोन देशाबाहेर पाठवला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडन पोलिसांनी एका टोळीवर कारवाई जाहीर केली. या टोळीने वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनला पाठवल्याचा पोलिसांचा संशय आहे. फोन सुरू झाला नाही, तर त्याचे सुटे भाग विकले जातात.

चोरांना फोनपेक्षाही जास्त हवा असतो तो अनलॉक असलेला फोन. तो हाती लागला की बँकेचे ॲप, ईमेल आणि ओटीपी एकाच ठिकाणी मिळतात. फोन लॉक असेल तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते आणि त्यावर ओटीपी येऊ शकतो. यावर फुकटचा उपाय आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमला स्वतंत्र पिन लावायचा. फार थोडे लोक तो लावतात.

लोक तक्रार का टाळतात?

व्हिसाची मुदत संपत आलेली असते, मालक रजा देत नाही, पोलिसांची भाषा कळत नाही. 'फोन तर मिळणार नाहीच, मग ठाण्यात कशाला जायचे?' हा विचारही असतोच. पण तक्रार केवळ फोन परत मिळवण्यासाठी नसते. पोलिसांचा कागद नसेल तर नवा पासपोर्ट, विम्याचा दावा आणि बँकेकडील वाद, या तिन्ही ठिकाणी अडचण येते. चोरलेल्या सिमवरून नंतर एखादा गुन्हा झाला, तर 'हे सिम त्या तारखेपासून माझ्याकडे नव्हते' हे दाखवायलाही तोच कागद लागतो.

चोरी झाल्यावर क्रम काय असावा?

१. आधी सुरक्षित जागी, म्हणजे दुकानात, स्थानकात किंवा गर्दीच्या ठिकाणी जा. मोबाइलवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक भारतासह अनेक देशांत लागतो. ब्रिटनमध्ये ९९९ आणि दक्षिण आफ्रिकेत १०१११ हे पोलिसांचे क्रमांक आहेत.

२. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा. कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

३. सिम बंद करा. भारतीय सिम असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून ते बंद करता येते.

४. दुसऱ्या फोनवरून आपल्या गुगल किंवा ॲपल खात्यात जाऊन हरवलेला फोन लॉक करा. ॲपलचा फोन खात्यातून काढून टाकू नका. तो काढला की चोराला नव्याने वापरता येतो. 'तुमचा फोन सापडला आहे, या लिंकवर पासवर्ड टाका' असा संदेश आला, तर तो चोराचाच समजा.

५. पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या.

६. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय दूतावास गाठा. केपटाऊनमध्ये भारताचे वाणिज्य दूतावास आहे. लगेच परतायचे असेल, तर केवळ भारतात येण्यापुरते 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळते. तेथेच राहायचे असेल, तर नव्या पासपोर्टसाठी अर्ज करावा लागतो आणि व्हिसाची नोंदही पुन्हा करून घ्यावी लागते.

बँकेला लवकर कळवण्यामागे पैशांचे कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि त्रयस्थाने पैसे काढले असतील, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकानेच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच.

मुरूडमध्ये गुन्हा नोंदवता येतो का?

घरचे लोक आधी जवळच्या पोलीस ठाण्यात धाव घेतात. 'झीरो एफआयआर'ची तरतूद असल्याने कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हे खरे. पण ते भारतात घडलेल्या गुन्ह्याबाबत. परदेशात परदेशी माणसाने केलेल्या चोरीचा तपास सर्वसाधारणपणे इथले पोलीस करू शकत नाहीत. आरोपी भारतीय नागरिक असेल तर गोष्ट वेगळी.

तरी कुटुंबाच्या हाती बरेच काही असते. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. अडचणीतील भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. भारतीय खात्यातून ऑनलाइन पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवता येते. घरी पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती असतील, तर त्या काही मिनिटांत पाठवता येतात.

मुंबईत परदेशी पाहुणा लुटला गेला तर?

हाच प्रश्न उलट्या बाजूनेही येतो. जंजिरा पाहायला येणारा परदेशी पर्यटक बहुधा मुंबईमार्गेच येतो. लोकलच्या दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर फटका मारून फोन पाडणारी 'फटका गँग' मुंबईकरांना ठाऊक असते, पाहुण्याला नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी करणे हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची आणि दंडाची तरतूद आहे. तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. पर्यटकांसाठी १३६३ ही बहुभाषिक हेल्पलाइन आहे. फोन 'संचार साथी' पोर्टलवरून देशभरातील नेटवर्कवर बंद करता येतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर सुरू आहे.

निघण्यापूर्वी काय करावे?

फोनवर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक वहीत लिहून तो घरी ठेवा. पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीच्या कराराच्या छापील प्रती घरी असू द्या. बँकेचा आणि दूतावासाचा क्रमांक फोनबाहेर, कागदावर हवा. घरातील एक तरी फोन नंबर तोंडपाठ करा, कारण फोन गेल्यावर संपर्क यादीही जाते. रोजच्या खर्चासाठी कमी शिल्लक असलेले वेगळे खाते वापरा.

शेवटची सूचना घरच्यांसाठी. परदेशातल्या माणसाने 'फोन चोरीला गेला' असे सांगितले, तर 'सांभाळता येत नाही का?' असे विचारू नका. पुढच्या वेळी तो सांगणारच नाही आणि बँकेला कळवण्याची वेळ निघून जाईल. 'बँकेला कळवलेस का?' एवढे आधी विचारा.